वजनाची शस्त्रक्रिया झाली, आता कोणाशी बोलावे?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीविषयी, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चौघेही पुणे परिसरातले आहेत. ओळख कळू नये म्हणून नावे गाळली आहेत. मी समुपदेशक आहे आणि अशा रुग्णांच्या स्वमदत गटाच्या बैठकांत अनेक वर्षे बसत आले आहे. त्यामुळे खाण्यापिण्याच्या, मनाच्या आणि घरातल्या प्रश्नांवर मी मोकळेपणाने लिहिते. कोणते औषध किती घ्यायचे हे मात्र तुमच्या शल्यचिकित्सकांनीच ठरवायचे आहे.

प्रश्न : माझे वय ४३ असून मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. चार महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची, शस्त्रक्रिया झाली. वजन ११२ किलोवरून ८९ किलोवर आले आहे आणि रक्तदाबाची एक गोळीही बंद झाली आहे. तरीही मन थाऱ्यावर नाही. केस मूठमूठ गळतात. यजमान आणि मुलगी सोडून घरात कोणालाच खरे माहीत नाही. सासूबाईंना आणि नातेवाइकांना आम्ही हर्नियाचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले. त्यामुळे प्रत्येक जेवणाला ‘एवढंसंच?’ हे ऐकावे लागते. रुग्णालयातून गटाच्या बैठकीसाठी फोन येतात, पण परक्या माणसांपुढे आपले गाऱ्हाणे का मांडावे, असे वाटते. कधी कधी विनाकारण रडू येते.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य मी आधी घेते, कारण ते तुम्ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडक्यात लिहिले आहे. रडू येते त्याला कारणे आहेत. थकवा, राग किंवा एकटेपणा आला की ज्या खाण्याचा आजवर आधार होता, तो एकाएकी काढून घेतला गेला आहे. शरीर झपाट्याने बदलते आहे. आणि हे सगळे लपवून ठेवण्याचा ताण त्यात मिळाला आहे. रडणे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजचेच झाले असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर बैठकीच्या तारखेची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणेच नकोसे वाटू लागले तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, किंवा ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठीतून बोलता येते. हे मी सर्वांनाच सांगते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आणि स्वीडनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासांत असे दिसले आहे, की या शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण वाढते. ते थोड्याच जणांच्या बाबतीत घडते, पण वजन उतरते आहे म्हणजे सगळे ठीक चालले आहे असे घरचे धरून चालतात आणि म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

केसांविषयी धीर धरा. शरीराला मोठा धक्का बसला आणि वजन वेगाने उतरले की केसांची बरीच मुळे एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात. काही महिन्यांनी ही गळती थांबते व केस पुन्हा येतात, मात्र त्यासाठी प्रथिने, लोह आणि जस्त यांची कमतरता राहता कामा नये. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हे बहुतेक ठिकाणी सांगितले जाणारे प्रमाण आहे आणि शाकाहारी घरात ते गाठणे खरोखर अवघड असते. वाटीभर घट्ट वरणातून जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, तर १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास. म्हणून आहारतज्ज्ञ प्रथिनांची पावडर सांगतात तेव्हा तिला ‘जिमवाल्यांचे खाणे’ समजून टाळू नका. केसांच्या महागड्या गोळ्या घेण्याआधी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्या.

आता जेवणाच्या पानाविषयी. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, काढून टाकलेला असतो आणि भुकेचा संदेश देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होते. तुम्हाला भूक लागत नाही आणि चार घासांत पोट भरते, ते यामुळे. परंतु आपल्यावर लहानपणापासून पानात काही टाकायचे नाही असा संस्कार झालेला असतो, आणि पाहुण्याला किंवा सुनेला आग्रह करून वाढणे ही आपल्याकडे मायेची रीत मानली जाते. तुमची कोंडी या दोहोंमध्ये झाली आहे. संस्कार मोडण्याची गरज नाही. घेतानाच चमचा-चमचा घ्या, लहान ताटली वापरा आणि जेवणासोबत पाणी पिऊ नका. जेवणानंतरही अर्धा तास जाऊ द्या.

आपले ऑपरेशन कोणते झाले हे सगळ्या नातेवाइकांना सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. लग्नाच्या पंगतीत ‘डॉक्टरांनी कमी खायला सांगितले आहे’ एवढे पुरे. सासूबाईंची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्या रोज तुम्हाला वाढतात. त्यांना खरे सांगावे असे माझे मत आहे आणि ते तुमच्या यजमानांनी सांगावे, कारण आईशी खोटे बोलण्यात तेही सहभागी होते. त्या रागावतील, कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. ‘ऑपरेशन करून वजन कमी करणे म्हणजे पळवाट’ असेही ऐकून घ्यावे लागेल. तेव्हा एवढे सांगा, की लठ्ठपणात शरीर स्वतःच वाढलेले वजन धरून ठेवते, भूक वाढवते आणि खर्च होणारी ऊर्जा कमी करते, म्हणूनच वर्षानुवर्षांची पथ्ये तुमच्या बाबतीत टिकली नाहीत. शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्यभराचे पथ्य तुम्हीच पाळणार आहात.

राहिला गटाचा प्रश्न. पुण्याला स्वमदत गट नवे नाहीत. १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणने व्यसनमुक्तीच्या कामात या पद्धतीला मोठे स्थान दिले आणि पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट इथे कितीतरी कुटुंबांना उभे करत आले आहेत. तुमच्यासारख्यांच्या बैठकीत काय बोलले जाते, ते सांगते. गरम पोळी घशाखाली अडकते पण वरणात भिजवलेली भाकरी जाते; उकडलेले अंडे कोरडे लागते, त्याऐवजी मऊ भुर्जी चालते; फोडणीचा वास सकाळी सहन होत नाही; पाचव्या महिन्यात ब्लाउज सैल होतात तेव्हा नवे शिवावेत की थांबावे; सैल पडलेल्या दंडाच्या त्वचेकडे पाहून वाईट वाटते, हे कोणाला सांगावे. हे प्रश्न दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांपुढे निघत नाहीत, आणि निघाले तरी ज्याने स्वतः ती पोळी गिळण्याचा प्रयत्न केला आहे त्याचे उत्तर वेगळे असते. पहिल्या बैठकीला काहीही बोलू नका. नुसत्या बसा. गाऱ्हाणे मांडण्याची सक्ती कोणत्याही चांगल्या गटात नसते आणि तेथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही हा पहिला नियम असतो.

प्रश्न : माझ्या पत्नीची पुढील महिन्यात बायपास शस्त्रक्रिया आहे. पहिले काही आठवडे घरी कोणती काळजी घ्यावी? तिला मदत करावी पण तिच्यावर पाळत ठेवल्यासारखे होऊ नये, हे कसे साधावे?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : बायपासमध्ये जठराचा अंड्याएवढा भाग वेगळा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. टाके भरून येईपर्यंत आहार पायरीपायरीने वाढवावा लागतो : आधी पाणी, नारळपाणी, वरणाचे पाणी, मग ताक, मुगाचे कढण, पातळ आंबील, त्यानंतर मऊ व कुस्करलेले अन्न आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे निराळे असते. तुमच्या रुग्णालयाचे असेल तेच पाळा, शेजारच्यांच्या अनुभवावरून पायरी ओलांडू नका. पाणी घोटाघोटाने दिवसभर लागते, एका दमात ग्लास संपवता येत नाही. चालणे पहिल्या दिवसापासून हवे, कारण पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. भरलेली बादली किंवा गॅसची टाकी उचलणे मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत तुमच्याकडे.

पुढील गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका : नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, धाप लागणे, पोटात किंवा डाव्या खांद्यात तीव्र वेदना, एका पायाच्या पोटरीला सूज. जोडणीतून गळती किंवा फुप्फुसात गुठळी यांची ही लक्षणे असू शकतात. उलट्या थांबत नसतील आणि पाणीही टिकत नसेल तर तोही तातडीचा प्रसंग समजा, कारण सततच्या उलट्यांमुळे बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, झपाट्याने संपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. बोलण्यात गोंधळ, तोल जाणे, दोन-दोन दिसणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा वेळी जवळच्या कोणत्याही रुग्णालयात पोहोचलात तरी ‘बायपास झाली आहे, उलट्या होत आहेत, थायामिन द्यावे लागेल का’ हे तेथील डॉक्टरांना स्वतःहून विचारा. नुसते ‘बायपास’ म्हटले तर हृदयाची समजली जाते, म्हणून ‘जठराची बायपास’ असे स्पष्ट सांगा, आणि शस्त्रक्रियेचे नाव व तारीख लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये ठेवा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर अचानक उतरू शकते. त्यांची मात्रा घरी जाण्यापूर्वीच विचारून घ्या.

पाळतीविषयी तुम्ही विचारलेत याचे मला फार बरे वाटले. गोळ्यांचा डबा भरणे, कॅल्शियम आणि लोह यांत किमान दोन तासांचे अंतर राहील असे गजर लावणे, रक्त तपासणीची तारीख घेणे ही कामे तुम्ही करा. ताटात काय आहे यावर मात्र बोलू नका. गणपतीत तिने मोदकाचा तुकडा घेतला तर तिला टोकू नका. गोड जास्त झाल्यास पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ येऊन शरीरच तिला ते सांगेल. अनेक गटांत नातेवाइकांनाही बसू देतात. शस्त्रक्रियेच्या आधीच एका बैठकीला दोघे जाऊन या.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. १२८ किलोचा मी दीड वर्षात ८४ किलोवर आलो होतो. गटाच्या बैठकीत माझे छायाचित्र दाखवून माझे उदाहरण देत असत. आता वजन ९७ किलो आहे, मधुमेहाची एक गोळी पुन्हा सुरू झाली आहे. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून दुकानातून गोळ्या आणतो. रात्री दोन पेग घेण्याची सवय लागली आहे. दोन वर्षांपासून मी बैठकीला जात नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : आधी हिशेब मांडू. तुमचे आजचे वजन मूळ वजनापेक्षा ३१ किलोंनी, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांनी, कमी आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीज सब्जेक्ट्स’ या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. तुम्ही जवळजवळ त्या सरासरीवरच आहात. मधुमेहाचेही तसेच. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी मधुमेहातून बाहेर होते, पंधरा वर्षांनी ३० टक्के. त्यांतील बहुतेकांची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीची होती हे ध्यानात घ्यावे लागते, तरीही दिशा कळते. काही वजन परत येणे हा या आजाराचा स्वभाव आहे. तुम्ही मनात काढलेला नापास हा निकाल कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नाही.

तरीही हातावर हात ठेवून बसू नये. शल्यचिकित्सकांना भेटून जठराची जोडणी सैल झाली आहे का हे पाहून घ्या, आणि बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची तपासणी करा. ती दरवर्षी आणि आयुष्यभर करायची असते. आठवडाभर खाल्लेले सगळे लिहून ठेवा. सहाव्या वर्षी पोट चार घासांत भरण्याची जाणीव बोथट झालेली असते आणि चहासोबतची खारी, फरसाण, बिस्किटे हे सहज खाली उतरणारे पदार्थ दिवसभर थोडेथोडे पोटात जातात. गरज पडल्यास सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडसारख्या भूक कमी करणाऱ्या औषधांचा विचार डॉक्टर करू शकतात. ती घ्यावी लागली तर त्यातही लाज वाटण्याजोगे काही नाही.

दोन गोष्टी मात्र आजच थांबवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांनी बायपासच्या जोडणीवर अल्सर होऊ शकतो व त्यातून रक्तस्राव होतो. गुडघ्यांसाठी डॉक्टरांना विचारून वेगळा उपाय घ्या. तंबाखू आणि मिश्रीही याच कारणाने वर्ज्य आहेत. दुसरी गोष्ट मद्य. बायपासनंतर ते फार वेगाने रक्तात पोहोचते, पूर्वीचे दोन पेग आता दोन राहत नाहीत. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. तुम्ही ‘सवय’ असे लिहिले आहे. ती एकट्याने सुटत नसेल तर मुक्तांगण तुमच्याच शहरात, येरवड्याला आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. बैठकीला कोण येते ते आठवून पाहा. पहिल्या वर्षातले लोक येतात, ज्यांचे वजन दर महिन्याला उतरते आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात, काट्यावरचा आकडा थबकतो, मग वर सरकतो आणि लोक गळतात. ज्या काळात सोबतीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच काळात खुर्च्या रिकाम्या होतात. गटाला नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक चांगले राहते असे अनेक अभ्यासांत दिसते. येणारे मुळात काटेकोर असतात म्हणूनही तसे दिसत असेल, परंतु लाजेमुळे दूर राहणाऱ्याचे भले होते असे मी एकदाही पाहिलेले नाही. नव्यांचेही यात नुकसान आहे. त्यांना फक्त यशाची छायाचित्रे दिसतात आणि उद्या त्यांचे पाच किलो वाढले की तेही तुमच्यासारखेच घरी बसतात. तुमचे छायाचित्र उदाहरण म्हणून दाखवण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही; तिने तुमच्यावर कायम यशस्वी राहण्याचे ओझे टाकले.

बैठक घेणाऱ्या समुपदेशकांना आधी फोन करा. ‘वजन वाढले आहे, यायचे आहे, पण माझ्या आकड्याची चर्चा नको’ असे सांगा. दोन वर्षांहून जुन्या रुग्णांची वेगळी बैठक ठेवता येईल का, हेही विचारा. ते जमत नसेल तर जुन्या ओळखीतले तीन-चार जण मिळून रविवारी सकाळी सारसबागेत किंवा तळजाईवर चालायला जा आणि तेथेच बोला. टेकडीवरून उतरल्यावर मिसळ खाण्याची पुणेरी प्रथा तेवढी सोडावी लागेल.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. सात महिन्यांपूर्वी बायपास झाली. आमच्या फोनवरच्या गटात सगळे रोज वजन टाकतात आणि माझे सर्वांत कमी उतरले आहे. एका ताईंनी ‘जीवनसत्त्वाच्या गोळ्या सहा महिन्यांनी बंद केल्या तरी चालते’ असे लिहिले आहे. माझे लग्नही ठरते आहे. हे सासरी सांगावे का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : गोळ्या बंद करू नका. बायपासमध्ये लहान आतड्याचा जो सुरुवातीचा भाग वगळला जातो, तेथेच लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने शोषले जाते, आणि बी-१२ साठी लागणारी जठराची मदतही कमी होते. त्या ताईंना आज त्रास नसेल, कारण बी-१२ चा साठा शरीरात काही काळ पुरतो. पण तो संपल्यावर हातापायांना मुंग्या येऊ लागतात आणि नसांची हानी कधी कधी पूर्ण भरून येत नाही. गटात हे शांतपणे लिहा, आणि औषधे सुरू किंवा बंद करण्याचा सल्ला कोणी कोणाला द्यायचा नाही असा नियम गटचालकांकडे मागा. रोजच्या वजनाचे संदेश पाहून त्रास होत असेल तर ते पाहणे बंद ठेवा. मूळ वजन, वय, उंची, मधुमेह यांनुसार उतरण्याचा वेग बदलतो.

लग्नाविषयी माझे मत असे, की होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी सांगावे. त्याच्या घरच्यांना कधी आणि किती सांगायचे ते दोघांनी मिळून ठरवावे. याला वैद्यकीय कारणही आहे. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना दोघे मिळून लग्नाआधीच भेटा, आणि पुढे बाळाचा विचार कराल तेव्हा फॉलिक ॲसिड सुरू करण्याबरोबर लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाचे ताजे अहवाल सोबत न्या.